तुंगेचा घास

प्रमोदिनीने वाडगा पलंगाशी नेला आणि किंचित वाकून धरला. कोमट पाण्यातून काढून कोरडा पुसलेला पांढरा उंदीर त्यात कुशीवर पडला होता. विद्याधरने डावा हात सावकाश पांघरुणाबाहेर काढला, अंगठा उंदराच्या पोटावर ठेवून दाबला आणि मूठ आवळली.

मूठ म्हणजे नाही.

"अजून बर्फ आहे आत?" तिने विचारले.

पंजा उघडला. उघडा पंजा म्हणजे होय.

"मला तर मऊ लागला हो. बरं, ठेवते आणखी थोडा वेळ."

ती मागच्या पडवीत गेली. उंदीर पुन्हा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने तोंड सुतळीने बांधले, पिशवी कोमट पाण्याच्या पातेल्यात सोडली आणि वर ताटली झाकली. हे पातेले, ही ताटली, तो वाडगा आणि लांब दांड्याचा चिमटा यांच्यावर विद्याधरने पूर्वीच लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. स्वयंपाकाच्या भांड्यांत ती चुकूनही जायची नाहीत. हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन ती शेगडीपाशी आली आणि पेज ढवळू लागली. एकीकडे नवऱ्याची पेज, दुसरीकडे अजगराचा उंदीर. दोन्ही कोमटच हवे. जास्त तापले तर पेजेने नवऱ्याचे तोंड पोळायचे आणि उंदराचे पोट फुटायचे. सुरुवातीला या विचाराने तिला एकदा एकटीलाच हसू आले होते, आणि मग ते हसू थांबवता थांबवता रडू आले होते. आता दोन्हीपैकी काहीच येत नसे.

पेज झाली. उंदीर पुन्हा वाडग्यात आला. विद्याधरने पुन्हा दाबला, या वेळी बरगड्यांच्या खाली, खोलवर. पंजा उघडला.

बाजूच्या खोलीचे दार पलंगावरून दिसेल असे होते. तिथे खिडकीखाली सागवानी पेटी होती. पेटीची काच उन्हासाठी खिडकीकडे केलेली, त्यामुळे पलंगावरून दिसायची ती पेटीची पाठ आणि वरचे झाकण. प्रमोदिनीने झाकण सरकवले. चिमट्याने उंदराची मान धरून ती तो हवेत हलकेच हलवू लागली. काही क्षण काही झाले नाही. मग आतून तुंगेचे लांबट डोके वर आले, जीभ दोनदा लवलवली आणि झडप पडली. चिमट्याला हिसका बसला. प्रमोदिनीने तो सोडवून घेतला, झाकण लावले आणि मागे वळून पाहिले.

विद्याधरच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती.

विद्याधर मूळचा साताऱ्याचा. बंगलोरला सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांसाठीच्या हत्यारांचे नकाशे काढायचा. राजाजीनगरात नवी वस्ती होऊ लागली तेव्हाच त्यांनी हे घर भाड्याने घेतले. माणूस निर्व्यसनी, वेळेवर घरी येणारा, आवाज न चढवणारा. पण आवाज असा कधी ऐकूच यायचा नाही. "जेवायला वाढ", "छत्री कुठं आहे", "उद्या लवकर जायचंय" अशा वाक्यांवर संसाराची वर्षे निघून गेली. मूल झाले नाही. त्याबद्दलही तो कधी एक शब्द बोलला नाही, चांगला ना वाईट.

तुंगा आली तीही अशीच न बोलता. बन्नेरघट्ट्याकडे दगडाच्या खाणीत सुरुंग लावताना तिचे बीळ उद्ध्वस्त झाले होते. कारखान्यातल्या एका फिटरने ते पिल्लू जेवणाच्या पिशवीतून आणले आणि विद्याधरने ते मागून घेतले. तेव्हा ती हातभर होती.

"साप आणि मी एका घरात राहणार नाही," प्रमोदिनी म्हणाली होती.

"अजगर आहे. विषारी नसतो," एवढेच तो म्हणाला आणि पेटीसाठी लाकूड मोजायला लागला.

ती राहिली. जाणार कुठे होती? आणि तिला दिसू लागले की हा माणूस बोलतो. संध्याकाळी कारखान्यातून आला की पेटीशी स्टूल घेऊन बसे आणि हलक्या आवाजात सांगत राही, आज कुणाचा नकाशा चुकला, साहेब कसा भडकला, पावसाने सायकल कशी घसरली. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती भिंतीपलीकडची ती गुणगुण ऐकायची. आपल्या नवऱ्याच्या आयुष्यात काय चालले आहे हे तिला अजगरामुळे कळायचे.

मग फ्रिज आला. गल्लीतला पहिला. शेजारच्या कस्तुराबाई पहिल्याच दिवशी बर्फ मागायला आल्या. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या त्या. अर्धे बोलणे कन्नड, अर्धे मराठी. प्रमोदिनीने बर्फाचा कप्पा उघडला तेव्हा मागे डब्यात कागदात गुंडाळलेले काहीतरी दिसले.

"हे काय ग? मटण खाता होय तुम्ही?"

"नाही हो अक्का. उंदीर आहेत. तुंगेसाठी."

कस्तुराबाई बर्फ न घेताच गेल्या. त्यानंतर त्या फ्रिजचे थंड पाणी गल्लीत कुणी मागितले नाही. पण माणूस मनाने बरी. विद्याधर आजारी पडल्यावर रोज डोकावून जाणारी तीच एक.

तो आजार म्हणजे अर्धांगाचा झटका. ऐन सकाळी ऑफिसात पेन्सिल हातातून गळली. तो वाकला तेव्हा ती उचलायलाच वाकला असे शेजारच्या माणसाला वाटले. पुष्कळ वेळ कुणी पाहिलेच नाही. उजवे अंग गेले, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. फक्त बाहेर येणार नाही." जणू ही समाधानाची गोष्ट होती.

घरी येऊन काही दिवस झाल्यावर प्रमोदिनीच्या ध्यानात आले की तो सारखा बाजूच्या खोलीकडे पाहतो. पेटीतल्या तुंगेला इतके दिवस कुणी घास घातला नव्हता. तिने डबा काढला, दगडासारखा कडक उंदीर पातेल्यात टाकला आणि वरून उकळते पाणी ओतले. लवकर व्हावे म्हणून. फट्कन आवाज झाला. पोट फुटून आतडी पाण्यावर आली आणि अशी दुर्गंधी सुटली की ती पडवीतच ओकली. तेव्हा पलंगावरून झटका आल्यापासूनचा पहिला आवाज आला, "अं! अं!"

ती पदराने तोंड पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. "मला येत नाही हो हे! तुम्ही कधी सांगितलंत का? सोळा वर्षांत काही म्हणजे काही सांगितलंत का मला?"

तो पाहत राहिला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळले. ते रडणे होते की नुसता डोळा वाहत होता, तिला कळले नाही. ती खाली बसली. मग तिने विचारले, "गरम पाणी घालायचं नाही ना?"

त्याने मूठ आवळली.

"कोमट?"

पंजा उघडला.

अशी त्यांची भाषा सुरू झाली. तिने एकेक प्रश्न विचारून सगळे काढून घेतले. आदल्या दिवशीच उंदीर बर्फातून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवायचा? होय. ओट्यावर उघडा ठेवला तर? नाही. शेगडीवर धरला तर? नाही, नाही. पाणी गार झालं की बदलायचं? होय. पोटात बर्फ राहिला तर तिला बाधेल? होय. आणि तिने खाल्ला नाही, तर तोच पुन्हा बर्फात ठेवून पुढच्या वेळी चालेल? यावर त्याने मूठ इतकी घट्ट आवळली की हात थरथरला. एकदा बर्फ उतरला की पुन्हा गोठवायचा नाही. ते फेकायचे.

त्या दुपारी ती दोघे जेवढे बोलली, तेवढे लग्न झाल्यापासून कधी बोलली नव्हती.

पुढे ते कामच ठरून गेले. ती उंदीर तयार करायची, तो दाबून पाहायचा. आंघोळ, पेज, कूस बदलणे, सगळे ती त्याचे करायची. तो दुसऱ्याचे काही करू शकेल असे हे एवढेच उरले होते. म्हणून तिला स्वतःला पोट मऊ लागले तरी ती वाडगा पलंगाशी नेल्यावाचून राहात नसे.

उंदीर यल्लाप्पा आणून द्यायचा. तो निपाणीकडचा, यशवंतपुराच्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत प्राणी सांभाळायचा. मराठी मंडळींच्या गणपतीत विद्याधरची आणि त्याची ओळख झालेली. प्रयोगाला न लागलेले जास्तीचे पांढरे उंदीर तो मारून, गोठवून, भुशात घातलेल्या डब्यातून सायकलवर आणायचा. "बाजारातला उंदीर कवा बी घालू नगासा वैनी," तो दर खेपेला बजावायचा. "मुन्शिपाल्टीचं औषध खाल्लेलं असतंय."

नंदकिशोर, विद्याधरचा धाकटा भाऊ, साताऱ्याहून भेटायला आला. पलंगाशी बसून थोडा रडला, मग उठून बाजूच्या खोलीत डोकावला आणि तसाच मागे सरला.

"वहिनी, हे अजून घरात आहे?"

"आहे."

"अहो, सर्पाला कोंडून ठेवलंय. त्याशिवाय का चांगल्या माणसाचं असं होतं? सोडून द्या कुठंतरी. नाहीतर मी बोलावतो कुणाला."

प्रमोदिनीच्या मनात हेच कितीदा येऊन गेले होते. पण कुणी दुसऱ्याने म्हटल्यावर तिला ते सहन झाले नाही. "भाऊजी, त्यांना एवढं एकच बघायला उरलंय. ते तुम्ही नेणार?"

"तुम्हाला किळस नाही येत?"

"येते की. रोज येते."

पलंगावरून विद्याधर हे सगळे ऐकत होता. त्या दिवशी पेज भरवताना त्याने डाव्या हाताने तिचे मनगट धरले आणि काही वेळ सोडले नाही. तिला वाटले, हे आपल्यासाठी आहे. मग वाटले, अजगर वाचला म्हणून असेल.

हा काटा तिच्या मनातून जाईना. एका संध्याकाळी त्याचे केस विंचरता विंचरता तिने विचारूनच टाकले, "मला बघायला आला होतात, तेव्हा मी आवडले होते का हो तुम्हाला?"

हात पांघरुणावर होता. उघडला नाही, मिटलाही नाही. बोटे अर्धवट वाकलेली तशीच राहिली. त्याचे डोळे मिटले होते. झोप लागली असेल. तिने थोडे थांबून कंगवा फणेरपेटीत ठेवला आणि पुन्हा कधी विचारले नाही.

त्या उन्हाळ्यात पाऊस लांबला. धरणे आटली आणि वीज वरचेवर जाऊ लागली. अशाच एका दिवशी कारखान्याच्या गाडीतून विद्याधरला तपासायला इस्पितळात न्यायचे होते. सकाळी निघाली ती दोघे परतायला संध्याकाळ झाली. नव्या डॉक्टरांनी त्याच्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, डोळ्यात दिवा मारला, आणि त्याच्यासमोरच म्हणाले, "आता यापुढं सुधारणा धरून चालू नका." विद्याधर छताकडे पाहत होता. समजतं त्यांना सगळं.

कस्तुराबाई फाटकाशीच भेटल्या. "काय म्हणाले ग डॉक्टर? ... असू दे, असू दे, देव आहे. आज तर सकाळी गेलेला करंट आत्ता स्वल्प वेळापूर्वी आला बघ. मोटार नाही, पाणी नाही."

विद्याधरला निजवून प्रमोदिनीने फ्रिज उघडला. कप्प्यातले पाणी खाली ओघळून पुन्हा गोठू लागले होते. डब्यातले उंदीर एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा होऊ घातला होता. कागद ओला होऊन फाटला होता. ती तो डबा हातात घेऊन उभी राहिली. तिला ती थरथरणारी मूठ आठवली.

पण यल्लाप्पा जत्रेला गावी गेला होता, येणार केव्हा ते ठाऊक नव्हते. तुंगेचा घास आधीच लांबला होता. आणि विद्याधरने इस्पितळातून आल्यापासून डोळे उघडले नव्हते, पेजेला तोंड उघडले नव्हते. तिने डबा नाकाशी नेला. गारठ्याखेरीज वास आला नाही. थोडाच वेळ तर वितळले असतील, तिने स्वतःला सांगितले. आणि डबा आत ठेवून दार लावले.

दुसऱ्या दिवशी सुरीने एक उंदीर गोळ्यातून सोडवून तिने नेहमीसारखा खालच्या कप्प्यात ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात धरला. पोट जरा जास्तच मऊ लागत होते. विद्याधरने डोळे उघडले, अंगठा टेकवला आणि लगेच पंजा उघडला. बर्फ नव्हता हे खरे. बाकीचे अंगठ्याला काय कळणार? तुंगेने झडप घातली. विद्याधरने त्या दिवशी वाटीभर पेज संपवली.

दोन दिवसांनी खोलीत घाण सुटली. तुंगेने उंदीर बाहेर टाकला होता, काळानिळा, अर्धा विरघळलेला. तिने पेटी साफ केली, नवा भुसा घातला, पाणी बदलले. तुंगा वेटोळे न घालता लांब पडून होती. तोंड थोडे उघडे, त्यातून फेस. विद्याधर विचारत्या नजरेने दाराकडे पाही आणि प्रमोदिनी म्हणे, "कात टाकायची असेल. निजलीय." चौकात कुणी जनावरांचा डॉक्टर होता, तो अजगर म्हटल्यावर दारातूनच परत फिरला. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिने बोट लावून पाहिले तेव्हा तुंगा गार पडली होती, आणि अंगावरच्या नक्षीची सगळी चमक गेली होती.

यल्लाप्पा त्याच दुपारी गावाहून परतून उंदीर घेऊन आला. पेटीत पाहून त्याने डोक्यावरचा रुमाल काढला.

"मी मारली तिला," प्रमोदिनी कुजबुजली. "वीज गेली होती. मला माहीत होतं, तरी घातला."

"आता काय वैनी... जीवच त्यो. जायाचा हुता, गेला."

विद्याधर जेवून झोपला होता. यल्लाप्पाने तुंगेला धोतरात गुंडाळून मागच्या दाराने नेले आणि परसातल्या शेवग्याखाली खड्डा काढून पुरले. हात धुऊन तो निघाला तेव्हा प्रमोदिनीने त्याने आणलेला डबा मागितला.

"हे कशाला? कुनासाठी आता?"

"ह्यांच्यासाठी. त्यांना सांगायचं नाही. आणत राहा तुम्ही, यल्लाप्पा."

त्याने डबा तिच्या हातात दिला. "सरी वैनी, आनतो," म्हणाला. "पर ह्ये बरं न्हवं."

आणि म्हणून ते चालू राहिले. ठरल्या दिवशी उंदीर बर्फातून खाली यायचा, मग कोमट पाण्यात, मग वाडग्यात. विद्याधर दाबून पाहायचा. कधी मूठ, कधी पंजा. मग ती बाजूच्या खोलीत जाऊन दाराकडे पाठ करून उभी राही, झाकण सरकवी, चिमटा हलवी, आणि उंदीर रिकाम्या पेटीत सोडून झाकण लावी. "घेतला हो," ती म्हणे. "आज चटकन घेतला." मग तो निजला की उंदीर काढून शेवग्याखाली पुरायचा. पहिल्या वेळी उंदीर चिमट्यातून निसटला. नंतर सवय झाली, जशी सगळ्याची होते. कधी कधी तर "आज थोडी सुस्त होती" असे ती आपणहून सांगे आणि सांगताना तिच्या डोळ्यापुढे ती सुस्त तुंगा खरीच उभी राही.

विद्याधरच्या चेहऱ्याची डावी बाजू आता हसत नसे. पण अंगठा टेकवायला तो चुकत नव्हता.

पावसाळा आला तसा गेला. हवेत गारवा सुरू झाला होता. एका सकाळी तिने वाडगा पलंगाशी नेला. विद्याधरने हात बाहेर काढला, पण उंदराला लावला नाही. वाडग्याची कड धरून त्याने तो हळूच दूर लोटला. त्याचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, लाळ ओघळली.

"पु... रे."

तिला प्रथम उमगलेच नाही की हा शब्द आहे. झटक्यानंतरचा हा त्याचा पहिला शब्द. तिने वाडगा जमिनीवर ठेवला.

"काय म्हणालात? काय पुरे?"

तो खोलीकडे पाहत नव्हता. तिच्याकडे पाहत होता. ते पाहणे तिला कळले. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्हाला माहीत आहे?"

पंजा उघडला.

"कधी कळलं? त्या दुपारी... यल्लाप्पा आला होता, तेव्हा तुम्ही जागे होतात?"

पंजा उघडाच होता. त्याने तो मिटला नाही.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. इतके महिने तो अंगठा टेकवत होता, मेलेल्या अजगराच्या घासात बर्फ राहिला आहे का ते पाहत होता, मूठ आवळून तिला परत पाठवत होता, पंजा उघडून होकार देत होता.

"मग का?" ती म्हणाली. "का केलंत असं? मला का करू दिलंत?"

'का' या प्रश्नाला मूठही नव्हती आणि पंजाही नव्हता. त्याने तोंड भिंतीकडे वळवले.

त्या दिवसापासून त्याने पेज सोडली. ती चमचा ओठाला लावी, तो दात मिटून घेई. ती रागावली, तिने विनवण्या केल्या, एकदा तर दोन्ही हातांनी जबडा उघडायचा प्रयत्न केला आणि स्वतःचीच शिसारी येऊन मागे झाली. कस्तुराबाई नंजनगूडच्या देवळातला अंगारा घेऊन आल्या. "जरा घ्या की हो अण्णा, तिच्याकडं बघून तरी," म्हणाल्या. डॉक्टरांनी सुई दिली, नळी घालू म्हणाले. विद्याधरने मूठ आवळली. दिवाळीच्या आधी, भर दुपारी, ती त्याची कूस बदलत असताना तो गेला. त्याला वळवून पाठीशी उशी लावल्यावर तिच्या लक्षात आले की आपण एकट्याच बोलत आहोत.

दिवस झाले. नंदकिशोरने सगळे नीट केले. "साताऱ्याला चला वहिनी," तो म्हणाला. "इथं कोण आहे तुमचं? ना मूल, ना भाषा." ती बरे म्हणाली. दुसरे म्हणण्यासारखे काही नव्हते.

सामान बांधून झाले त्या संध्याकाळी नंदकिशोर स्टेशनवर तिकिटांची चौकशी करायला गेला होता. यल्लाप्पाने हातगाडी आणली आणि पेटी काढून नेली. प्रयोगशाळेत सशांसाठी उपयोगी पडेल म्हणाला. घरात वावरायला काही उरले नव्हते, म्हणून प्रमोदिनी पुढच्या पायरीवर येऊन बसली. कारखाने सुटले होते. रस्ता सायकलींनी भरून वाहत होता. खाकी शर्ट, हँडलला लटकलेले जेवणाचे डबे, कुणी एकटे, कुणी बोलत बोलत जोडीने. इतक्या वर्षांत या वेळी ती कधी बाहेर बसलीच नव्हती. या वेळी ती चहा टाकत असे.

एक पिकल्या केसांचा माणूस घरासमोर आल्यावर हळू झाला आणि त्याने दोनदा घंटी वाजवली. बहुधा विद्याधरच्या वाटेवरचा सोबती. कळले नसेल त्याला अजून. किंवा कळले असेल. त्याने घराकडे पाहिले. ती पायरीवर उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात वर केला.

तो माणूस मान लववून पुढे गेला. गर्दी विरळ होत गेली. शेवटच्या दोन-तीन सायकली गेल्या, दिवे लागले, रस्ता मोकळा झाला. ती तशीच उभी होती.